हेरगिरीची पहिली शाळा घरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हेरकथाकारांवरचा लेख वाचला. लेखाचा सूर असा, की ही मंडळी आधी गुप्तचर खात्यात नोकरीला होती, तिथे पाहिलं ते कादंबऱ्यांत उतरलं आणि त्यातून त्यांचे नायक तयार झाले. मला हे अर्धंच पटलं. नोकरीतून लेखकाला फायली, सांकेतिक नावं, साहेबांच्या लकबी असा मालमसाला मिळतो. नायक त्याच्या कितीतरी आधी घरात घडलेला असतो.

जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंगचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, हे खरं. पण कुठे, तर लंडनच्या ॲडमिरल्टीतल्या, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयातल्या, 39 नंबरच्या खोलीत, संचालक गॉडफ्रे यांचा सहायक म्हणून. म्हणजे टेबलावरचं काम. लेखात त्याच्या सिगारेटी आणि जुगाराची हौस आली आहे, ते ठीक. पण 1917 साली त्याचे वडील पश्चिम आघाडीवर मारले गेले तेव्हा तो नऊ वर्षांचाही नव्हता, आणि त्याचा बाँडही अकराव्या वर्षी पोरका होतो, हे लेखात नाही.

खरी तक्रार आहे ती दुसरा ब्रिटिश हेरकथाकार जॉन ल कारे याच्याबद्दल. त्याला लेखात दीड परिच्छेद मिळालाय आणि त्यातही सगळं नोकरीचंच: 1958 साली एमआय फाइव्ह (ब्रिटनचं देशांतर्गत गुप्तचर खातं), 1960 साली एमआय सिक्स (परदेशातल्या हेरगिरीचं खातं), मग पश्चिम जर्मनीतल्या बॉनचा ब्रिटिश दूतावास. बापाचं नावसुद्धा नाही!

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी वसुलीच्या मागे. एकदा एका थकबाकीदाराच्या घरी गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस. दार उघडलं दहा-अकरा वर्षांच्या मुलाने. शाळेची खाकी चड्डी, हातात कंपासपेटी. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "बाबा गावाला गेलेत. सोमवारी येतील." कुठे अडखळणं नाही की काही नाही. दाराआड मोठ्या मापाच्या वहाणा होत्या, ताज्या चिखलाने भरलेल्या. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली, सहज चार पावलं गेला आणि त्या स्वतःच्या पायात घातल्या. मग मला विचारलं, "काका, पाणी देऊ?" मी पाणी प्यायलो आणि परत आलो. त्या कर्जाचं पुढे काय झालं ते आठवत नाही, तो मुलगा मात्र डोळ्यासमोरून जात नाही.

पुढे कधीतरी ल कारेच्या आठवणींचं 'द पिजन टनेल' हातात पडलं, तेव्हा तो मुलगा पुन्हा भेटला. ल कारेचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म 1931 सालचा. बाप रॉनी म्हणजे इंग्लंडातला अव्वल चारसोबीस. विम्याच्या घोटाळ्यात तुरुंगात जाऊन आलेला, अनेकांना गंडा घातलेला, वर शर्यतीचे घोडे बाळगणारा. 1950 साली हा गृहस्थ लिबरल पक्षातर्फे संसदेच्या निवडणुकीलाही उभा होता. डेव्हिड पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली, ती पुन्हा भेटली तो एकवीस वर्षांचा झाल्यावर. 1954 साली रॉनीचं दिवाळं वाजलं तेव्हा डेव्हिडला ऑक्सफर्ड मध्येच सोडून एका शाळेत शिकवावं लागलं. आणि मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर बाप काय करायचा, तर मुलाच्या पुस्तकांवर 'लेखकाचा बाप' म्हणून सह्या ठोकायचा. हसू येतं, पण त्या घरात वाढायचं म्हणजे काय याचा विचार केला की थांबतं.

समोरचा माणूस वाचायचा, वेळेला साजेसा चेहरा करायचा, घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. हे सगळं ज्याला लहानपणीच येत होतं, त्याला एमआय फाइव्हने वेगळं काय शिकवलं असेल? ऑक्सफर्डला असतानाच तो डाव्या विचारांच्या मित्रांची माहिती त्या खात्याला पुरवत होता.

आता ल कारेच्या कादंबऱ्यांतला नायक, हेर जॉर्ज स्मायली. बुटका, जाडसर, अंगावर धड न बसणारे कपडे, टायच्या टोकाने चष्मा पुसणारा, बायको सोडून जाते तरी तिच्याबद्दल वाईट न बोलणारा. तो ल कारेच्या खात्यातल्या जॉन बिंगहॅमवरून घेतला, असं लेखात आहे. बरोबर, पण अर्धवट. दुसरा नमुना व्हिव्हियन ग्रीन, त्याच्या ऑक्सफर्डच्या कॉलेजातला प्राध्यापक. दोघंही वयाने वडीलधारे. रॉनीच्या शेजारी स्मायली उभा करून पाहा: छानछोकी नाही, बोलबच्चन नाही, दुसऱ्याच्या पैशावर डोळा नाही. मला तर स्मायली म्हणजे त्या मुलाने स्वतःसाठी निवडलेला बाप वाटतो. समीक्षकांनी वाटल्यास याला हसावं.

आणखी एक. किम फिल्बी हा एमआय सिक्समधला अधिकारी, जो छुपेपणाने सोव्हिएत रशियासाठी काम करत होता. ल कारेला त्याचा जो राग होता, तो फक्त देशद्रोहाचा नसावा. फिल्बीचा जन्म आपल्या अंबाल्याचा, 1912 सालचा. बाप इथे आयसीएस अधिकारी, मोठा आणि हेकट. 'किम' हे नावही किपलिंगच्या 'किम' कादंबरीतल्या पोरावरून पडलेलं. घरातल्या थोराड बापाच्या सावलीत वाढून फसवणुकीत मुरलेला माणूस ल कारेला फार जवळून ओळखीचा वाटला असणार.

स्वतःच्या बापावर मात्र ल कारेला लवकर लिहिता आलं नाही. रॉनी 1975 साली गेला आणि 'अ परफेक्ट स्पाय' आलं 1986 साली. त्यातला बाप रिक म्हणजे उघडउघड रॉनीच, निवडणुकीसकट. त्याचा मुलगा मॅग्नस पिम हेरखात्यातला अधिकारी, सगळ्यांना हवाहवासा आणि सगळ्यांना फसवणारा. तुमच्या लेखात या कादंबरीचा उल्लेखही नसावा याचं आश्चर्य वाटलं. रॉनीच्या अंत्यविधीचा खर्च ल कारेने दिला, पण तो स्वतः गेला नाही. कादंबरीतला मुलगा मात्र बापाच्या अंत्यविधीला जातो, आणि तिथूनच नाहीसा होतो.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली