मान सांभाळायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

कोल्हापूरच्या तालमीत नऊ वर्षे तांबड्या मातीत अंग घुसळून मी मुंबईला आपल्याकडे एमएमए, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा आणि गळा आवळणे असे सारे चालणारा मिश्र लढतीचा खेळ शिकायला आलो, तेव्हा माझ्यापाशी दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून त्याला पाडणे, हा एकच हुकमी डाव होता आणि तो लागला की कुस्ती निकाली, अशी माझी पक्की समजूत होती. मातीत पाठ टेकली की विषय संपतो आणि गळा आवळायला तर मनाईच असते. त्यामुळे पटात शिरताना माझी मान खाली जाते, या खोडीची जबर किंमत मला कधी मोजावी लागली नव्हती.

ती आपल्यासमोर मोजावी लागली. माझ्याहून दहा किलोंनी हलका असलेला मुलगा पट काढताच पाठीवर गेला आणि मी मनोमन जिंकलोसुद्धा. पण तो आपणहून पडला होता. त्याचा हात माझ्या हनुवटीखालून आरपार गेला, पायांचा विळखा कमरेला पडला आणि गिलोटिन चोक, म्हणजे समोरून हाताने गळा आवळणारी पकड, बसली. श्वास चालू होता, म्हणून मी टॅप केले नाही, म्हणजे हाताने थाप मारून हार मानली नाही. मॅटची शिवण डोळ्यांसमोर अंधुक होत गेली, एवढेच आठवते. शुद्धीवर आलो तेव्हा आपण मला वार विचारत होता, आणि मी चुकीचा वार सांगितला.

आपण रागावला नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की श्वास चालू असतानाही दहा-एक सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, हे आपण माझ्याच मानेवर बोटे ठेवून समजावलेत आणि पुढचे कित्येक दिवस मला स्पॅरिंगपासून, म्हणजे सरावाच्या लढतींपासून, दूर ठेवलेत. त्या दिवसांत जुन्या लढती दाखवल्यात. १९९४ च्या यूएफसी ४ या एमएमए स्पर्धेत कसलेला कुस्तीगीर डॅन सेव्हर्न पंधरा मिनिटे रॉयस ग्रेसीच्या वर होता आणि तरीही खाली पाठीवर असलेल्या ग्रेसीने त्याला पायांच्या त्रिकोणात पकडून हार मानायला लावले. कुस्तीतूनच आलेला आपला भरत खंडारे २०१७ साली शांघायला सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गिलोटिनवर हरला, ती लढत पाहताना तर माझा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला होता.

नऊ वर्षे घोटलेला पट विसरून जा, असे आपण एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे. आपण फक्त डोक्याची जागा बदललीत. माझी कानशिले आणि आपल्या बरगड्या यांच्यामध्ये घडी घातलेला नॅपकिन धरायचा आणि तो न पाडता पट पूर्ण करायचा, नजर वर, पाठ सरळ; नॅपकिन पडला की पुन्हा पहिल्यापासून. एवढे करूनही मान सापडलीच, तर आधी आवळणाऱ्या हाताचे मनगट धरायचे, डोके ज्या बाजूला अडकले आहे तिच्या विरुद्ध बाजूला सरकायचे आणि खांद्याचा भार समोरच्याच्या गळ्यावर टाकायचा, हेही आपण रोज सराव संपल्यावर थांबून माझ्याकडून घोटून घेतलेत. आणि सुटणे शक्य नसेल, तर वेळेत टॅप करायचे. तालमीत हार मानणे ठाऊक नसलेल्या मला हा धडा सगळ्यांत जड गेला. म्हणून आपण स्वतः माझ्या हातात मान देऊन, साऱ्या मुलांसमोर, दहादा टॅप करून दाखवलेत.

मागच्या महिन्यातल्या लढतीत दुसऱ्या फेरीत माझी मान सापडली. मनगट धरले, बाजू बदलली, खांदा टाकला आणि पकड सुटली.

आता गावी गेलो की तालमीतल्या पोरांकडूनही मी नॅपकिन धरून पट काढून घेतो. आमच्या वस्तादांनी दोन दिवस ते नुसते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी हे कोणी शिकवले, असे विचारले. यंदाच्या यात्रेच्या मैदानाला आपल्याला घेऊन ये, असा त्यांचा निरोप आहे. आपण यावे, ही नम्र विनंती.

आपला विद्यार्थी