शाल नको म्हणालात, म्हणून हे पत्र

आप्पा,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. भरभर वाचून मोकळा होऊ नकोस, असं त्याला बजावलंय. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतर, शाळेतल्या झाडांसाठी तुमचा सत्कार करायचा असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं होतं, आणि तुम्ही नेमके त्या दिवशी तांबडं फुटताच शेळ्या घेऊन डोंगराला निघून गेलात. नारळ पोरांनी फोडून खाल्ला. शाल सूनबाईंकडं दिलीय. नंतर विचारलं तर म्हणालात, "म्या काय केलंय बाई? पाणी तर पोरांनी घातलं." आता यावर काय बोलायचं?

त्यातच मागच्या आठवड्यात 'हरित शाळा' म्हणून आपल्या शाळेची बातमी छापून आली. फोटोत माणसंच माणसं. त्यातल्या एकानंही या आवारात कधी बादली उचललेली मी बघितली नाही. तुमचं नाव बातमीत कुठं नाही. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, मला वाटतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

मी बदली होऊन इथं आले तेव्हा आवार म्हणजे नुसता मुरूम. गायरानाची जागा, वर पत्रे. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडायचा, तेव्हा सकाळची शाळा असूनही दहा वाजले की वर्गात बसवत नसे. पोरं वहीनं वारा घेत शेवटचे तास काढायची. सावली पाहिजे हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता. आणि झाडं लावायला माणसांचीही कमी नव्हती! ती वर्षंच मोठ्या आकड्यांची होती. राज्यात २०१६ साली एका दिवसात २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी. आकड्यांशी माझं भांडण नाही. आमच्या आवारात काय झालं तेवढंच सांगते. गाडी आली, पाहुणे आले, आणि रोपं खाली उतरायच्या आत बॅनर बांधून झाला. खड्डे वीतभर खोल. रोपं बहुतेक गुलमोहराची, पिशवीत राहून राहून जून झालेली. दोन तर काळ्या पिशवीसकट पुरली. भाषणात तुकोबा झाले, फोटो जागच्या जागी मोबाइलवर चढले, चहा झाला. पाणी कोण घालणार, हा विषय कुणी काढला नाही.

पाहुण्यांची गाडी फाट्याला लागते न लागते तोच तुमची काळी शेळी कुंपणाच्या भगदाडातून आत. तिच्यामागं तुम्ही.

शेळीला हाकललंत आणि तुम्ही मात्र थांबलात. उकिडवे बसून एक रोप उपटलंत, विळ्यानं पिशवी चिरलीत आणि जमलेल्या पोरांना तळाशी मुळ्यांचं झालेलं वेटोळं दाखवलंत. "ह्या अशा फिरून फिरून मरत्यात. हे खालचं कापायचं, मंग त्या खाली वाट काढत्यात." परिसर अभ्यासाचा इतका चांगला तास मी आजवर घेतलेला नाही, हे कबूल करायला मला लाज नाही. गुलमोहराबद्दल विचारलं तर म्हणालात, "दिसाया झ्याक हाय. पर वाऱ्यात फांदी मोडतंय. पोरांच्या डोक्यावर कशाला?"

मग खड्डे पुन्हा खोल झाले, त्यांत तळ्यातला गाळ पडला, लिंब म्हणजे कडुलिंब आले, करंज आले, चिंच आली. कडेनं सीताफळ आणि निरगुडी लावा म्हणालात, कारण त्यांना शेळी तोंड लावत नाही. शेळ्या राखणाऱ्याखेरीज हे आम्हाला कोण सांगणार? खिचडी खाऊन पोरं जिथं हात धुतात, तिथून तुम्ही चर काढून दिलात. बाकीचं सगळं लिहीत बसत नाही. ज्याला आपल्या शाळेत करायचंय, तो येऊन तुम्हाला विचारील.

मला लिहायचंय ते रिबिनीबद्दल.

एकेका पोराला एकेक झाड वाटून दिलं होतं. दसरा झाला आणि दरवर्षीसारखी गावाची पांगापांग सुरू झाली. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली; कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडीला गेल्याशिवाय ती फिटत नाही. दुसरीतली एक पोरगीही आईबापाबरोबर निघाली. मागं राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात राहायला ती तयार नव्हती, आणि घरी आजी थकलेली. निघायच्या दिवशी ती शाळेत आली, एका वेणीची लाल रिबीन सोडून आपल्या लिंबाला करकचून बांधली आणि तशीच, एक वेणी मोकळी, ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली.

अशा पोरांसाठी कागदावर सोय असते. तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड मी तिला भरून दिलं, हजेरीपटावर शेरा मारला. कारखान्याच्या गावात ते कार्ड कुणी हातात घेतलं की नाही, देव जाणे. इकडं पहिलीत नवीन पोरं आली होती, झाडं कमी पडत होती. तिचं झाड तोवर दुसऱ्याला देऊ या, अशी सूचना निघाली. सूचना काही वावगी नव्हती. तुम्ही चरातला गाळ काढत होता, मान वर न करता म्हणालात, "कामून? पोरगी काय गाव सोडून गेलीय व्हय? ऊस तोडाया गेलीय. येतीच की."

झाड तिच्याच नावावर राहिलं.

पुढं थंडीत एकदा मधल्या सुट्टीत तुम्ही त्या लिंबापाशी बसलेले दिसलात. खोड भरत चाललं होतं आणि रिबीन सालीत रुतायला लागली होती. गाठ बोटांनी सुटेना, म्हणून तुम्ही ती दातांनी सोडवलीत. रिबीन झटकलीत आणि दोन बोटं आत जातील एवढी सैल करून पुन्हा बांधलीत. विळा कमरेलाच होता. कापून टाकली असती तर कुणी विचारणार नव्हतं, त्या पोरीनं तर नाहीच, ती शंभर कोसांवर. फूल पडेल अशी गाठ तुम्हाला काही जमेना. शेवटी तिसरीतल्या एका पोरीला हाक मारलीत आणि तिच्याकडून ती मारून घेतलीत. मग हातातली माती धोतराला पुसून शेळ्यांकडं गेलात.

एवढंच. आप्पा, तुम्ही वाहिलेलं पाणी, आणून टाकलेल्या बोरी-बाभळीच्या काट्या, सगळ्याची मला जाण आहे. पण आभार मानायला बसले की ती गाठच समोर येते. आम्ही शिकलेली माणसं त्या पोरीच्या नावापुढं शेरा मारून मोकळी झालो होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आवाराला कुलूप, शिपाई नाही, पोरं नाहीत आणि उन्हाळा तोंडावर. भिंतीवरून उतरून तुम्ही पाणी घालत राहिलात, हे मला नंतर गावातून कळलं. ऊसतोडीला गेलेले कारखान्यांवर अडकून पडले होते. एप्रिलात सरकारनं परवानगी दिली तेव्हा ते परतले, आणि गावात घेण्याआधी त्यांना आपल्याच शाळेत ठेवलं. माझी तिथं ड्यूटी होती. ज्यांच्या मतांसाठी एरवी लोक वस्त्या पालथ्या घालतात, त्यांना तेव्हा घागरभर पाणी द्यायला माणूस मिळत नव्हता. लांबून सूचना देणारे पुष्कळ होते. घागरी भिंतीपाशी आणून ठेवायचे ते तुम्ही.

ती पोरगी गाडीतून उतरली ती थेट झाडाकडं गेली. रिबिनीत बोट घालून बघितलं आणि मला विचारलं, "बाई, ही कुणी सैल केली?" मी सांगितलं. संध्याकाळी तुम्ही घागर ठेवायला आलात तर भिंतीच्या अलीकडून तिनं भांडणाच्या सुरात हाक मारली, "आप्पा, माझी रिबीन कामून सोडली?"

"झाडाला दम लागला हुता," तुम्ही म्हणालात.

ती हसली. मला मात्र वर्गखोलीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

आता त्या लिंबाखाली पहिली-दुसरी बसते. या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर पोरांनी सावलीत लिहिले. खिचडीच्या पंगती तिथंच, वाचनाचा तास तिथंच, आणि रुसलेलं पोर शोधायचं तर तेही तिथंच. बुलबुल, होले येतात. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्यांचा कसाबसा केलेला कारभार, तो बघायला पोरं गणित सोडून धावतात, धावू देते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या कुंपणाकडची सीताफळं कुठल्याच बाजारात पोचणार नाहीत, पोरं त्यांना धड डोळे उघडू देत नाहीत. ऊसतोडीला निघणारी पोरं जाताना खिशात घालून नेतात.

आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. पाडव्याच्या मागंपुढं परतलेली पोरं पूर्वी एकदम जूनमध्ये तोंड दाखवायची. आता गाडीतून उतरली की आधी आपलं झाड केवढं झालं ते बघायला येतात. आली की मी बसवून घेते. वर्षाचे शेवटचे ते आठवडे त्यांच्या पदरात पडतात. शाळेत झाडं कशाला, फळ्याला रंग द्या, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. फळ्याला रंग दिलाच पाहिजे. पण फळा बघायला कुणी पोर गाडीतून उतरून पळत आलेलं मी अजून पाहिलं नाही.

आपल्याकडं हायवे चौपदरी होताना रस्त्याकडेचे जुने वड-लिंब गेले, त्यांच्या बदल्यात काय लागलं ते आपण बघतोच. तरी मी निराश होत नाही, त्याला कारण तुमच्यासारखी माणसं. शेजारच्या गावात एक बाई आहेत, दुसऱ्यांच्या पोरांना घरचं ताक पाजतात. फाट्यावर पोरगी एकटी उभी दिसली की एसटी थांबवणारा एक कंडक्टर आहे. भली माणसं कमी नसतात आप्पा, फोटो निघतो तेव्हा ती कामाला गेलेली असतात.

ती पोरगी आता आठवीला मोठ्या शाळेत जाते. रिबीन कधीच विटून गेलीय. तिचा फाटका गोफ तुम्ही अजून मोठा करून बांधता, आता त्याला सुतळीचा तुकडा जोडून. हेही मी बघितलंय, बरं का.

आता कामाचं. पश्चिमेच्या भिंतीकडं यंदाच्या उन्हाळ्यात खड्डे घ्यायचेत. मला तिथं वड हवाय. मुख्याध्यापक म्हणतात, वड भिंत फोडील. आमचं दोघांचं काही जमत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की या, जागा बघा आणि काय ते सांगा. तुम्ही नको म्हणालात तर करंज लावू.

आपली,
शाळेतल्या बाई