कडी सुटते तेव्हा

फोंडा, गोवा
ऑगस्ट

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. काकूंना डॉक्टरांनी उन्हात बसायला सांगितलं आणि तू मला विचारतोस, ऊन अंगावर पडून नेमकं होतं काय!

त्वचेत कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक रेणू असतो. त्यातल्या सहा कार्बनच्या कडीवर अतिनील किरण पडला की ती एका जागी सुटते. मग शरीराच्या उबेने सावकाश, काही तासांत, त्याचं ड जीवनसत्त्व होतं. (सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे. काकूंना दहानंतर बसव, थोडाच वेळ.)

गंमत त्या सुटण्यात आहे. अशीच कडी असलेला छोटा रेणू म्हणजे सायक्लोहेक्झाडाईन. २०१७ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांच्या गटाने टेबलावर मावणाऱ्या उपकरणात त्याची वाफ घेतली. आधी अतिनील लेसरचा स्पंद, म्हणजे अगदी क्षणाचा झोत, मागोमाग क्ष-किरणांचा. दोघांतलं अंतर आरसा सरकवून बदलतात. आरसा दीड मायक्रोमीटर मागे घेतला की प्रकाशाला तीन मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे दहा फेम्टोसेकंद उशीर! (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.) केसाची जाडीसुद्धा त्या दीड मायक्रोमीटरच्या कितीतरी पट.

आणि क्ष-किरणच का? तर प्रत्येक मूलद्रव्य ते आपापल्या ऊर्जेला शोषतं, कार्बन साधारण २८४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे ऊर्जेचं एकक), लोखंड ७,११२ला. भरल्या घरात एकालाच नावाने हाक मारावी, तसं. साठेक फेम्टोसेकंदांवर वर्णपटातली, म्हणजे कुठल्या ऊर्जेला किती शोषलं याच्या आलेखातली, वेगवेगळी शिखरं एकमेकांत मिसळलेली दिसली. कडी धड बंद नाही, धड उघडी नाही, अशी ती अवस्था. पुढच्या शंभरेक फेम्टोसेकंदांत ती सरली.

लोक याला 'रेणूंचा सिनेमा' म्हणतात. मला ते पटत नाही. हाती येतात ती शिखरं. त्यांचा अर्थ लावायला गणित करणारा माणूस शेजारी लागतो, आणि त्याचं नाव बातमीत येत नाही.

तुझ्या पुतणीचं ताळगावला एमएस्सी संपत आलंय ना? तिला इंदूरच्या इंडस-२ बद्दल सांग. तो सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढणारं यंत्र. विद्यापीठातल्यांनाही तिथे प्रयोगासाठी अर्ज करता येतो. सिंक्रोट्रॉनचे स्पंद पिकोसेकंदांचे (पिको म्हणजे फेम्टोच्या हजारपट), त्यामुळे कडी सुटताना पकडायला ते फार संथ. त्यासाठी हॅम्बुर्गजवळच्या ३.४ किलोमीटर लांबीच्या क्ष-किरण लेसरसारखं यंत्र लागतं, नाहीतर बर्कलीसारखं टेबल. पण क्ष-किरणांचा वर्णपट वाचायला इंदूरला उत्तम शिकता येईल. अर्ज लिहिताना अडली तर सरळ माझ्याकडे पाठव. चवथीच्या गडबडीतही वेळ काढीन.

तुझा,
रमाकांत