युरिक्लिया केवळ ‘म्हातारी दासी’ नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील, होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस याची पत्नी पेनेलोपी हिच्यावरच्या लेखात ‘एका म्हाताऱ्या दासीने ओडिसियसला ओळखले’ एवढ्यावरच युरिक्लियाची बोळवण केली आहे, हे खटकले. होमरने तिला बापाच्या आणि आजोबाच्याही नावासह उभे केले आहे. ओडिसियसचे वडील लेअर्टीस यांनी तिच्या कोवळ्या वयात तिला २० बैलांच्या मोलाने विकत घेतले, हे ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात येते.

१९व्या सर्गात ती अनेक वर्षांनी घरी परतलेल्या, भिकाऱ्याच्या वेशातील ओडिसियसचे पाय धुते. गुडघ्याच्या वर रानडुकराच्या सुळ्याचा जुना वण हाताला लागतो. पाय हातातून निसटतो, काशाचे घंगाळे कलंडते, पाणी जमिनीवर सांडते. आणि जिने अंगाखांद्यावर वाढवले तिचाच गळा धरून तो तिला गप्प राहायला बजावतो. कोणी न सांगता त्याला ओळखणारे घरातले हे पहिले माणूस (आर्गोस हा कुत्रा तेवढा आधीचा). पेनेलोपीची खात्री पटते ती २३व्या सर्गात, पलंगाच्या खुणेवरून.

२२व्या सर्गात पेनेलोपीच्या मागणीदारांशी संबंध ठेवणाऱ्या १२ दासींना फासावर चढवले जाते. त्यांना दोषी ठरवून दाखवणारीही युरिक्लियाच. हा काळा भागही लेखात यायला हवा होता.

– एक वाचक