बाळाचं पहिलं दूध थांबवणाऱ्या सिस्टरांचे आभार

त्यांचं नाव मला माहीत नाही, म्हणून इथे लिहितेय. बाळ जन्मल्यापासून तोंडातून सारखा फेस येत होता, पुसला की परत, आणि श्वासही घरघरत होता. मी पाजायला घेणार तेवढ्यात नाईट ड्युटीच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई थांबा, अजून काही देऊ नका." त्यांनी तोंडातून बारीक नळी पोटात घालून बघितली, ती १० सेंटीमीटरच्या आसपास अडकली, पुढे जाईचना, लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि एक्स-रेमध्ये नळी वरच गुंडाळलेली दिसली. अन्ननलिका मध्येच बंद आणि तिचा खालचा भाग चक्क श्वासनलिकेला जोडलेला! दूध दिलं असतं तर ते श्वासात गेलं असतं, हे नंतर कळलं तेव्हा हातपायच गळाले.

ऑपरेशनला नेईपर्यंत सिस्टर बाळाचं डोकं उंच ठेवून, सक्शनने लाळ काढत तिथेच थांबल्या. मधेच त्यांनी बाळाची मूठ हलकेच उघडली आणि माझं बोट त्यात दिलं, "बोलत रहा त्याच्याशी, तुमचा आवाज ओळखतो तो." खरंच सांगते, त्या क्षणी मला तेवढंच हवं होतं.

सर्जननी तो चुकीचा जोड तोडून अन्ननलिकेची दोन्ही टोकं शिवली, त्यांचे उपकार तर आहेतच. खोकला अजून भुंकल्यासारखा येतो, अशा बाळांची श्वासनलिका जरा मऊ असते म्हणून, पण दूध आता स्वतः ओढून पितो. सिस्टर, हे तुमच्यामुळे. मनापासून थँक्यू.