ग्रंथपाल मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी आपण वाचनालयात 'ट्रू क्राइम'ची, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांच्या हकिगतींची आवड असणाऱ्यांसाठी दिवसभराचे जे उपक्रम ठेवले होते, त्यांबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझ्यासारख्या काळजीत असलेल्या इतर पालकांच्याही ते वाचनात यावे, म्हणून अनावृत लिहिते आहे.

माझा मुलगा अकरावीत आहे. गेले वर्षभर तो रात्री उशिरापर्यंत कानात इअरफोन घालून खुनांच्या हकिगती ऐकत असे. मी रागावले, मोबाइल काढून घेतला, आणि शेवटी एका समुपदेशकांकडेही गेले. त्यांनी हे सगळे ताबडतोब बंद करायला सांगितले. बंद करण्याचा परिणाम इतकाच झाला की तो माझ्याशी बोलेनासा झाला. पुस्तक बदलायला आले असताना देवघेवीच्या टेबलाशी मी हे आपल्यापाशी बोलले, तेव्हा आपण एवढेच म्हणालात, "त्याला रविवारी घेऊन या, आणि तुम्हीही थांबा." त्याच्या आवडीला आपण रोग मानले नाही, याचे ऋण मला सर्वांत आधी नोंदवायचे आहे.

सकाळी आपण आम्हा सर्वांच्या दहाही बोटांचे ठसे स्टॅम्पपॅडवर घेऊन कोऱ्या कागदावर उमटवायला लावले. लहानपणी आजी आमची बोटे उजेडात धरून शंख किती आणि चक्रे किती हे मोजत असे, आणि ते चक्र शोधण्याची सवय अजून डोळ्यांना आहे. पण त्याच चक्रांवर एक संपूर्ण वर्गीकरण उभे आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर आपल्याकडून कळले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमागचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांनी बसवले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा दफ्तरखाना सुरू झाला; स्कॉटलंड यार्डातील विभाग त्यानंतर चार वर्षांनी, १९०१ मध्ये आला. बोटांच्या पाच जोड्या, पहिल्या जोडीतल्या चक्राला १६, पुढे ८, ४, २ आणि १ असे गुण, जोडीतल्या एका बोटाच्या गुणांची बेरीज वर आणि दुसऱ्याच्या गुणांची खाली, दोन्हींत एक मिळवून १ ते ३२, आणि त्यांतून ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ कप्पे, हे आपण फळ्यावर मांडलेत. मग कोपऱ्यातल्या जुन्या तालिकापत्रांच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या, लाकडी कपाटाचा एक खण ओढून आपण म्हणालात की, ठसे घेणे सोपे असते, पण लाखो कागदांतून नेमका एक कागद काही मिनिटांत हाती येणे हे खरे काम असते, आणि ते काम आपण ग्रंथपाल रोजच करतो. त्या क्षणी माझा मुलगा खुर्चीवरून उठून त्या खणाजवळ जाऊन उभा राहिला. त्याच्या एकाही बोटावर चक्र निघाले नाही, म्हणून त्याचा कप्पा एकास एक असा अगदी पहिला आला, आणि हे तो घरी येईपर्यंत तीनदा सांगत होता.

जलपायगुडीच्या खटल्याची हकिगत आपण जाणूनबुजून संथपणे सांगितलीत. चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता आणि खोलीतल्या बंगाली दिनदर्शिकेवर अंगठ्याचा तपकिरी डाग राहिला होता. तो ठसा दफ्तरखान्यातील एका जुन्या गुन्हेगाराच्या ठशाशी जुळला. तरीही १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडले, कारण तो खोलीत होता एवढेच त्या ठशाने सिद्ध होत होते. ही हकिगत संपली तेव्हा हॉलमध्ये कोणीच काही बोलले नाही. पुराव्याने किती सांगितले आणि आपण त्याच्यावर किती चढवले, हा प्रश्न मुलाने नंतर घरी मलाच विचारला.

दुपारी निवृत्त फौजदारांनी वाचनकक्षाचा पंचनामा करायला लावला. उलटी पडलेली खुर्ची, चष्म्याची फुटलेली काच आणि अर्धवट प्यायलेला चहाचा कप एवढेच समोर असताना आमच्यापैकी अनेकांनी "झटापट झालेली दिसते" असे लिहिले, आणि फौजदारांनी लाल पेनने ते वाक्य खोडून "तुम्ही पाहिलीत का?" असे शेजारी लिहिले. पोलिसांपुढे आरोपीने दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनचा नियम त्यांनी समजावला, तेव्हा पंच आणि लाखेचे सील यांची गरज आमच्या लक्षात आली.

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील, पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्या खुनाच्या खटल्याच्या सत्रात आपण वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती नऊ वाचकांना ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिक, म्हणून बसवलेत. १९५९ च्या त्या प्रकरणात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला होता. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, ही देखण्या नौदल अधिकाऱ्याची बाजू ऐकून आमच्याही सात जणांनी त्याला सोडून दिले. मग मृताच्या कमरेचा टॉवेल झटापटीत सुटला नव्हता, हा मुद्दा आपण पुढे ठेवलात, आणि मते पालटली. परंतु माझ्या मनाला लागला तो आपला पुढचा प्रश्न: प्रेम आहुजा कसे मेले ते सोडून त्यांच्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे? सगळे गप्प राहिलो. त्यांचा मोटारींचा व्यवसाय होता आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या बहिणीला न्यायालयात साक्ष द्यावी लागली, हे आपण सांगितलेत तेव्हा माझी मान खाली गेली, कारण मीही ही हकिगत अनेकदा चवीने वाचलेली आहे.

देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या बलात्काराच्या प्रकरणाविषयी बोलताना आपण त्या आदिवासी मुलीचे नाव फळ्यावर लिहिले नाही. कायद्याच्या पुस्तकांत ते छापलेले आहे, तरीही लिहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलून पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला, हे ऐकताना पुढच्या रांगेतल्या दोन कॉलेजच्या मुली वहीत भराभर लिहून घेत होत्या. दिवसभरात मृतदेहाचे एकही छायाचित्र आपण दाखवले नाही, आणि कोणाला ते कमी पडल्याचेही जाणवले नाही.

संध्याकाळी आपण प्रत्येकाचा ठशांचा कागद नावानिशी परत केलात. ठसे ज्याचे त्याच्याकडेच राहिले पाहिजेत, असे म्हणालात. तिघांच्या मनुष्यबळावर आणि वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात हे सारे उभे करताना आपल्या सहायकांनी आणि शिपाईदादांनी सकाळी सातपासून सतरंज्या घातल्या, त्यांनाही माझे धन्यवाद पोहोचवावेत.

मुलगा अजूनही रात्री ऐकतो, पण आता इअरफोन काढून मला मध्येच विचारतो, "आई, पंच कोण होते हे यांनी सांगितलेच नाही." आपण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी निकालपत्रांचे वाचन सुरू करण्याविषयी बोलला होता. ते ठरल्यास आम्हा दोघांची नावे घ्यावीत. चहाची व्यवस्था माझ्याकडे राहील आणि खुर्च्या लावायला मुलगा अर्धा तास आधी येईल.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची एक सभासद