चंद्रशिलेवरचा नसलेला बैल

पोलोन्नरुवा, श्रीलंका

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. कालचा सारा दिवस सायकलवर गेला, आणि त्यात पाहिलेली एक गोष्ट तुम्हाला सविस्तर कळवावी म्हणून आज सकाळीच लिहायला बसले आहे.

सायकल मुक्कामाच्या घरीच भाड्याने मिळाली. येथील अवशेष उत्तरेकडे काही किलोमीटर विखुरलेले आहेत, पण रस्ता सपाट व सावलीचा असल्यामुळे मनात येईल तेथे पाय टेकून थांबता येते. बाबा, तुमचे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेले, म्हणून आधी तलावाविषयी लिहिते. 12व्या शतकात पराक्रमबाहू राजाने जुने तलाव वाढवून, जोडून हा जलाशय केला आणि त्याला ‘पराक्रम समुद्र’ असे नाव पडले. त्याचा बांध सुमारे 14 किलोमीटर लांब आहे. पावसाचा एक थेंबही उपयोगात आल्यावाचून समुद्राला मिळू नये, असे त्या राजाचे म्हणणे होते. त्या पाण्यावर आजही भात पिकतो, आणि बांधावरून सायकल चालवताना सारखी तुमची आठवण येत होती.

पुढे वटदागे नावाची वर्तुळाकार वास्तू लागली. तिच्या पायरीशी अर्धवर्तुळाकार चंद्रशिला आहे. तिच्यावर हंसांची, हत्तींची व घोड्यांची ओळ एकामागून एक कोरलेली असून मध्ये कमळ आहे. हत्तींच्या पायांतील वळणसुद्धा बोटाला लागते. परवा अनुराधपुरात पाहिलेल्या जुन्या चंद्रशिलांवर हत्ती व घोड्यांबरोबर सिंह आणि बैलही होते. येथे ते दोन्ही नाहीत. चंद्रशिलेवर पाय ठेवूनच वर चढावे लागते, आणि हिंदूंना पूज्य असलेल्या नंदीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून बैल वगळला गेला, असे मानतात. आई, पुस्तकाला पाय लागला तरी तू आम्हाला नमस्कार करायला लावायचीस, त्यामुळे हे कारण मला लगेच पटले.

याच लंकेवर 993 मध्ये चोळांनी स्वारी केली, अनुराधपूर उद्ध्वस्त केले आणि पोलोन्नरुवा ही आपली राजधानी केली. 1070 मध्ये विजयबाहू राजाने त्यांना हुसकावून लावले. एवढे सोसलेल्या लोकांनी पुढच्याच शतकात त्यांच्या देवाच्या वाहनाचा असा मान राखला असेल, तर मला ती मोठीच गोष्ट वाटते.

चोळांचे शिवमंदिर तेथून जवळच आहे. ते संपूर्ण दगडी, लहानसे व नेटके असून भिंतींवर तमिळ लेख आहेत. आपल्या अंबरनाथच्या मंदिरात 1060 चा लेख आहे. म्हणजे आपल्याकडे शिलाहारांचे कारागीर दगड घडवत होते, त्याच शतकात येथेही छिन्नी चालू होती. अंबरनाथला मात्र पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. येथे तसे नाही. चंद्रशिलेवर न दिसलेला नंदी मला या मंदिरासमोर भेटला. त्याचा दगड झिजला आहे, पण पाठीचा उंचवटा हाताला स्पष्ट जाणवतो.

संध्याकाळच्या आत गल विहार गाठले. एकाच खडकात कोरलेल्या तेथील मूर्तींपैकी निजलेले बुद्ध सुमारे 14 मीटर लांब आहेत. त्यांच्या डोक्याखालची उशी, खऱ्या उशीवर भार पडावा तशी, किंचित दबलेली कोरली आहे. तापलेल्या वाळूत अनवाणी उभी राहून मी ती उशी बराच वेळ पाहत होते.

उद्या सकाळी बसने कँडीला निघेन. सोमवारी अंबरनाथला गेलात की तिथल्या नंदीला माझाही नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी